गिरणीत थाटलेले पुस्तकघर

लालबागच्या चाळीत माझे बालपण गेले. मामा गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, तेव्हा मी रांगत होतो. मामा पुन्हा कामावर गेलेच नाहीत. त्यामुळे बंद गिरणीचे कुठे भले झाले असे ऐकले, की मला आधी शंकाच येते.

धाकटा भाऊ बोस्टनला असतो. त्याच्याकडे गेलो असता म्हणाला, "दादा, चल, तुला पुस्तकांची गिरणी दाखवतो." मोटारीने तीनेक तासांवर डोंगरांत वसलेले नॉर्थ ॲडम्स हे गाव. एके काळी ते कापडावर जगे. अर्नोल्ड प्रिंट वर्क्स हा तिथला कापडछपाईचा कारखाना १८६० चा. पाठोपाठ अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेच युद्ध, ज्याने मुंबईच्या कापूसवाल्यांना रातोरात गबर केले! १९४२ मध्ये छपाई गेली आणि विजेच्या सुट्या भागांचा कारखाना आला. त्यात चार हजारांवर माणसे राबत. १९८५ मध्ये तोही बंद. पुढे १९९९ साली त्या इमारतींत कलासंग्रहालय उघडले.

याच गावातल्या 'एक्लिप्स मिल' या जुन्या गिरणीची डागडुजी होऊन कलावंतांसाठी गाळे झाले, आणि तिथे 'टुपेलो प्रेस'ने बिऱ्हाड आणले. ही संस्था १९९९ ची, शेजारच्या व्हरमाँटमधली. प्रामुख्याने कविता छापणारी. (कवितेवर पोट भरत नाही, हे मराठी प्रकाशकाला सांगायला नको.) पुढे ती तिथल्याच 'नोरॅड मिल' या दुसऱ्या जुन्या गिरणीत गेली.

प्रकाशकाला गिरणी मानवते, त्याचे कारण साधे आहे. पुस्तकांचे गठ्ठे भलते जड. यंत्रांचा भार पेलण्यासाठी बांधलेले माळे तो सहज सोसतात. खिडक्या उंच, कारण विणकाम दिवसाच्या उजेडात चाले. आता त्याच उजेडात मुद्रिते तपासावीत. शिवाय कापूस आणि कागद यांचे नाते जुने. जवळच्याच डॉल्टन गावी १८७९ पासून अमेरिकन नोटांचा कागद होतो, तो कापूस घालूनच.

परतल्यावर मामांना फोटो दाखवले. चष्मा सारखा करून ते बराच वेळ पाहत राहिले.

"खिडक्या ठेवल्या त्यांनी," ते म्हणाले. "आमचं धुराडंही राहिलं नाही. बरं, माणसं किती कामाला?"

"प्रकाशनात? बोटांवर मोजण्याइतकी."

"आणि बाकीची कुठं गेली?"