आपल्या गँगमधला जांबवान कोण?

कंधारच्या किल्ल्याच्या खंदकाजवळ संध्याकाळी आमची गँग बसते. मागच्या आठवड्यात विषय निघाला, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या नऊ भिडूंत सगळ्यात भारी कोण? एक म्हणाला, जादूगार गँडाल्फ. दुसरा म्हणाला, अरागॉर्न. धनुष्यबाणवाल्या लेगोलसला तर सगळ्यात जास्त मतं पडली. सॅमला कुणीच मत दिलं नाही. ‘तो नुसता सैपाक करतो बे!’ म्हणून सगळे हसले. मीपण हसलो. पण रात्री घरी आल्यावर विषय डोक्यातून जाईना.

ज्यांनी पाहिलं-वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टॉल्किन यांचं हे पुस्तक 1954-55 साली आलं, त्यावरचे तीन सिनेमे 2001 ते 2003 मध्ये. मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावानं ते मराठीतही आणलंय. काम एकच : एक दुष्ट अंगठी दूरच्या ज्वालामुखीत नेऊन टाकायची. त्यासाठी नऊ जण निघतात.

पुस्तकात डोंगरावर बर्फात अडकण्याचा प्रसंग आहे. गँडाल्फ ओली लाकडं पेटवून दाखवतो, पण बर्फ जाळणं त्यालाही जमत नाही. लेगोलस इतका हलका की बर्फावरून पळत पुढं जातो आणि रस्ता बघून येतो. पण वाट कोण पाडतं? बोरोमीर आणि अरागॉर्न, अंगाच्या जोरावर. बुटक्या हॉबिटांना उचलून बाहेर काढतात तेही हेच. हाच बोरोमीर पुढं अंगठीच्या मोहात पडतो आणि शेवटी दोन हॉबिटांना वाचवताना जीव देतो. म्हणजे एका ठिकाणचा हिरो दुसऱ्या ठिकाणी कमी पडतो. आणि शेवटच्या चढावर फ्रोडोचे पाय थकतात तेव्हा त्याला पाठीवर घेऊन कोण चढतं? तो सैपाकवाला सॅम!

अशी तुलना आपल्याकडं फार आधी झालीय. वाल्मीकी रामायणातलं किष्किंधाकांड आठवा. सीतेच्या शोधात निघालेले वानर समुद्राजवळ येऊन थांबतात. पलीकडं लंका, अंतर शंभर योजनं. मग एकेक जण आपली ताकद सांगतो. गज म्हणतो 10 योजनं, गवाक्ष 20, असं करत करत सुषेण 80 वर येतो. म्हातारा जांबवान म्हणतो, आता माझ्याच्यानं 90 होतील. अंगद म्हणतो, शंभर जाईन, पण परत येईन का, याची खात्री नाही. अगदी भरतीच्या ग्राउंडसारखं! आणि ज्याला जमणार असतं तो हनुमान बाजूला गप्प बसलेला. जांबवान त्याच्याजवळ जातो, त्याच्या जन्माची गोष्ट सांगतो, तू कोण आहेस ते आठवण करून देतो. मग ते उड्डाण होतं.

90 योजनंवाला जांबवान समुद्र ओलांडत नाही. पण तो नसता तर कुणीच ओलांडला नसता.

हे वाचताना मला आमच्यातला एक दोस्त आठवला. त्या संध्याकाळी तो कट्ट्यावर नव्हता. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत त्याचे थोडे मार्क गेले, तेव्हापासून यायचाच बंद झालाय. तिथं ताकदीला पन्नास मार्क असतात : 1600 मीटरला 20, शंभर मीटरला 15, गोळाफेकीला 15. पण पहाटे पाचला सगळ्यांना फोन करून उठवणारा तोच होता. गणितात अडलेल्याला शिकवणारा तोच. मी पत्रकारितेला जाऊ का नको म्हणून घुटमळत होतो, तेव्हा ‘तू लिही रे, तुला जमतंय’ असं सगळ्यात आधी म्हणणाराही तोच. याला मार्क कोणत्या रकान्यात देणार?

आमचा जांबवान तो होता. आता तोच हनुमानासारखा गप्प बसलाय आणि आम्ही सिनेमातल्या लोकांना मतं देत बसलोय.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं चहा टाकला. तो बराच वेळ मोबाईलच बघत होता. मी काही भाषण केलं नाही. माझा पहिला छापून आलेला लेख पुढं ठेवला आणि म्हणालो, ‘हे तुझ्यामुळं झालं.’ तो म्हणाला, ‘काहीपण बोलायलास.’ पण लेख शेवटपर्यंत वाचला. निघताना एकानं विचारलं, ‘उद्या पाचला फोन कोण करणार?’ तो काही बोलला नाही.

सकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला.

तुमच्या गँगमध्ये सगळ्यात भारी कोण, यावर खुशाल भांडा. फक्त त्या वेळी कट्ट्यावर कोण नाहीये, तेवढं एकदा बघा.