मुक्कामाची रात्र आणि परवान्याची बंदूक



आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, की आपल्याकडे बंदूक नाही, मग आपल्याला याचं काय? पण ज्याच्याकडे बंदूक नाही तोही लॉजवर उतरतो, त्याचीही मुलं शेजारच्या खोलीत डोकावतात. शिवाय आपल्या नंदुरबार जिल्ह्यात रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवाना घेतलेले शेतकरी आहेत, बँकेच्या दारावर उभे राहणारे माजी सैनिक आहेत. ही मंडळी कधी लग्नाला, कधी कामाला, कधी बंदुकीच्या दुरुस्तीला बाहेरगावी जातात आणि वाटेत रात्र काढतात. त्या एका रात्रीविषयी मला बोलायचं आहे.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आमच्या मामांकडे पीकरक्षणाची बारा बोअरची दुनळी होती. तिचा सेफ्टीचा खटका सैल झाला होता, म्हणून मामा ती दुरुस्तीला मोठ्या शहरात निघाले. शहर पाहण्याच्या हौसेने मीही सोबत गेलो. एस. टी. उशिरा पोचली, दुकान बंद झालं होतं. स्टँडजवळच्या एका लॉजवर उतरलो. मामांनी बंदूक खोळीसकट खाटेखाली सरकवली आणि ते खाली चहा प्यायला गेले. जाताना म्हणाले, "हात लावू नको. तशी रिकामीच शे."

पाणी घेऊन आलेला लॉजवरचा पोऱ्या माझ्याच वयाचा. त्याच्यापुढे ऐट दाखवायला मी बंदूक बाहेर काढली, त्याच्यावर रोखली आणि पुढचा चाप ओढला. नुसता 'टक्' असा आवाज झाला. आम्ही दोघेही हसलो. तेवढ्यात मामा दारात आले. त्यांनी बंदूक हिसकावून मधून मोडली आणि ते मटकन खाली बसले. उजवी नळी रिकामी होती. डाव्या नळीत काडतूस होतं. आदल्या पहाटे मळ्यात अंधारात त्यांनी काडतुसं काढली, ती हातांच्या अंदाजाने; एक राहून गेलं. मी मागचा चाप ओढला असता, तर तो पोऱ्या आज नसता. त्याचं नावही मला ठाऊक नाही. पण ते 'टक्' मला अजून ऐकू येतं.

यातून पहिला धडा मिळतो. 'रिकामी आहे' हे सांगायचं नसतं, पाहायचं असतं. निघण्यापूर्वी उजेडात बंदूक मोडावी, दोन्ही नळ्यांतून आरपार दिसतं का ते पाहावं, वर बोट घालून चाचपावं. मुक्कामी पोचल्यावर पुन्हा तेच करावं. तपासताना तोंड भिंतीकडे किंवा जमिनीकडे असावं, माणसाकडे कधीही नसावं.

आता कायद्याकडे वळू. इंग्रजांनी 1878 साली हत्यारांचा कायदा करून सर्वसामान्य माणसाच्या हत्यारावर परवान्याचं बंधन घातलं. स्वातंत्र्यानंतर 1959 चा शस्त्र अधिनियम आला. त्याखालचे 1962 चे नियम जाऊन 2016 चे नवे नियम आले. त्यांचा सारांश असा, की हत्यार सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी परवानाधारकाचीच आहे आणि सार्वजनिक जागी बंदूक उघडी मिरवता येत नाही, ती खोळीत असावी लागते. 2019 च्या दुरुस्तीनंतर लग्नावरातीत हौसेने बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

परवान्यावर त्याचं क्षेत्र लिहिलेलं असतं, ते पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आपला जिल्हा दोन राज्यांच्या शेजारी. नवापूरच्या रेल्वे स्टेशनचा फलाट अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. शहाद्याहून खेतियाला गेलं की मध्य प्रदेश लागतो. आपल्याला ते शेजारचं गाव वाटतं. पण परवाना महाराष्ट्रापुरता असेल, तर फलाटाच्या त्या टोकाला तो संपतो. म्हणून परवाना वाचून निघावं, मूळ परवाना जवळ बाळगावा, आणि हद्द ओलांडायची असेल तर आधी रीतसर परवानगी घ्यावी.

मग मुक्कामी काय करावं? उत्तम उपाय म्हणजे गरज नसेल तर बंदूक नेऊच नये. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला किंवा भाच्याच्या लग्नाला बंदुकीचं काय काम? बरेच दिवस बाहेर राहायचं असेल, तर परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात ती रीतसर जमा करून पावती घेता येते. पलटणीत आणि पोलिसांत काम संपलं की हत्यार कोतात जमा होतं. शिस्तीतल्या जवानाला जो नियम, तोच आपल्याला का नको?

नेणं भागच असेल, तर दुनळीचे तीन भाग सुटे होतात, हे ध्यानात घ्यावं. दस्ता, नळ्या आणि नळ्यांखालचा लाकडी तुकडा हे भाग वेगळे करून बांधावे. काडतुसं मोजून वेगळ्या कुलूपबंद डब्यात ठेवावी. लाकडी तुकडा स्वतःच्या पिशवीत ठेवला, तर चोराच्या हाती अर्धवट बंदूक लागते.

गाडीत बंदूक ठेवून वर झोपायला जाऊ नये. काच फोडायला कितीसा वेळ लागतो? अमेरिकेत पुष्कळ घरांत बंदुका आहेत, आणि तिथेही मोटारीतून चोरीला जाणाऱ्या बंदुका ही पोलिसांची मोठी डोकेदुखी आहे.

"मॅनेजरसाहेब, एवढी सांभाळा," असंही म्हणू नये. माणूस भला असेल, पण त्याच्याकडे परवाना नाही. विनापरवाना माणसाच्या ताब्यात बंदूक देणं हा गुन्हा, आणि ती ताब्यात ठेवणं हाही गुन्हा. भलेपणापायी तो बिचारा कोर्टाची पायरी चढेल. खोलीतल्या कपाटाची दुसरी किल्लीही काउंटरवर असते, म्हणून कुलूप स्वतःचं न्यावं. जेवण खोलीतच मागवावं. रात्री आतून कडी लावावी. उशाखाली बंदूक घेऊन झोपू नये, कारण झोपेतला हात आपल्या ताब्यात नसतो. आणि बंदूक आहे याची चर्चा ना एस. टी. त करावी, ना चहाच्या टपरीवर.

सकाळी खोली सोडण्यापूर्वी भाग आणि काडतुसं मोजावी. एक काडतूस जरी कमी भरलं, तरी शोधल्याशिवाय निघू नये. बंदूक हरवली किंवा चोरीला गेली, तर लाज न बाळगता जवळच्या पोलीस ठाण्यात लगेच खबर द्यावी, आणि ज्यांनी परवाना दिला त्या जिल्हा दंडाधिकारी कार्यालयालाही कळवावं. उशीर झाला आणि त्या बंदुकीने कुणाचा बळी गेला, तर आयुष्यभराचा घोर लागतो.

शेवटी शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती. वर्गात पाच मिनिटं काढून मुलांना तीन गोष्टी पाठ करून घ्या. बंदूक दिसली तर हात लावायचा नाही. तिथून दूर व्हायचं. मोठ्या माणसाला सांगायचं. ती खेळण्यातली वाटली तरी हेच करायचं. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. मामा बंदूक सांभाळत होते, पण मला 'हात लावू नको' एवढंच सांगून गेले. का लावू नये, ते सांगायला चहाएवढाही वेळ लागला नसता.

मामांनी दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच बंदूक विक्रेत्याकडे जमा केली आणि पुन्हा कधी घरी आणली नाही. प्रत्येकाने तसंच करावं असं मी म्हणत नाही. पीक राखायला ती लागते, नोकरीलाही लागते. पण जिथे आपण मुक्काम करू, तिथे आपल्यानंतर दुसरं कुणी उतरणार आहे, आणि पाणी घेऊन एखादं पोर येणार आहे, एवढं ध्यानात ठेवावं.