एकवीस इंचांचा तोरा

लक्झरी हायब्रिड एसयूव्ही घ्यायची ठरली की रंगावरून घरात आठवडाभर वाद होतात. मोती-पांढरा की काळा, आतलं लेदर तपकिरी की लाल, सगळ्यावर चर्चा होते. चाकं कितीची आणि ड्राइव्ह कुठली, हे मात्र शोरूममध्ये चहा संपायच्या आत उरकतं. गाडी रोज कशी चालणार, ते ठरतं याच दोन रकान्यांत. तेव्हा चहा थोडा थंड होऊ द्या.

चाक मोठं, पण मोठं नाहीच!

लेक्सस आरएक्सचं उदाहरण घेऊ. अमेरिकेत ती 19 इंची चाकांवर मिळते, जास्त पैसे मोजले की 21 इंचीवर. टायरवरचे आकडे अनुक्रमे 235/60 आर19 आणि 235/50 आर21. यातला पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. तिसरा रिमचा व्यास, तो इंचांत. एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी खिचडी शिजवणारा उद्योग दुसरा नसावा.

आता हिशेब करा. पहिल्या टायरचा पूर्ण व्यास साधारण 765 मिलिमीटर निघतो, दुसऱ्याचा 768. म्हणजे रस्त्यावर फिरणारं चाक जवळपास तेवढंच! तेवढंच ठेवावंही लागतं, नाहीतर स्पीडोमीटर खोटं बोलायला लागेल. बदलते ती टायरची भिंत. ती 141 मिलिमीटरवरून 117 वर येते. जादा पैशांत रबर आणि हवा कमी झाली, धातू वाढला. खड्ड्याचा पहिला दणका ही हवाच खाते. ती कमी झाली की उरलेला दणका रिम खातो, मग सस्पेन्शन, आणि शेवटी मागच्या सीटवर बसलेल्या सासूबाई.

मोठ्या रिमची बाजूही मांडायला हवी. भिंत आखूड असली की टायर वळणावर कमी लवतो आणि स्टिअरिंगला चटकन उत्तर देतो. शिवाय मोठ्या रिमच्या पोटात मोठी ब्रेक डिस्क मावते. पण गंमत अशी की, हायब्रिडमध्ये रोजच्या ब्रेकचं बरंचसं काम मोटरच करते. वेग कमी करताना ती जनरेटर होऊन बॅटरी भरते, त्यामुळे ब्रेक पॅड बराच काळ टिकतात.

सोळा ते तेवीस

1970 मध्ये आलेली पहिली रेंज रोव्हर शेतातून, चिखलातून जायची ती 16 इंची चाकांवर. आजच्या रेंज रोव्हरला 23 इंचीपर्यंत चाकं मिळतात, आणि तिचं प्लग-इन हायब्रिड रूपही आहे. चाकं अशी फुगत गेली तसतशा या गाड्या शेताऐवजी पंचतारांकित हॉटेलांच्या पोर्चमध्ये जास्त दिसू लागल्या. 2024 पासून रेंज रोव्हरची जुळणी पुण्यातही होते. ब्रिटनबाहेर हा मान मिळालेलं ते पहिलं ठिकाण. पुण्याच्या रस्त्यांवर 23 इंची रिम घालायची हिंमत कोणाची, हा प्रश्न वेगळा.

रिमची किंमत पेट्रोलपंपावर

किआची 2017 ची निरो ही छोटी हायब्रिड. अमेरिकी सरकारी चाचणीत तिच्या 16 इंची चाकांच्या साध्या मॉडेलचं ॲव्हरेज लिटरला सुमारे 21 किलोमीटर आलं. 18 इंची चाकांच्या टॉप मॉडेलचं सुमारे 18. टॉप मॉडेलचं वजनही जास्त होतं, त्यामुळे सगळं पाप चाकांच्या माथी मारता येणार नाही. तरी इंजिन तेच, बॅटरी तीच, आणि लिटरमागे तीन किलोमीटर गायब!

मागच्या चाकांना शाफ्टच नाही

जुन्या पठडीच्या फोर-व्हील ड्राइव्हमध्ये इंजिनापासून मागच्या ॲक्सलपर्यंत एक लांब शाफ्ट जातो. त्याचं वजन, त्याचं घर्षण आणि मागच्या सीटमध्ये मधोमध येणारा तो उंचवटा आपल्या परिचयाचा आहे. 2005 मध्ये बाजारात आलेल्या लेक्सस आरएक्स 400एचच्या चारही चाकांना ओढ असलेल्या मॉडेलमध्ये हा शाफ्टच काढून टाकला. मागच्या ॲक्सलवर 50 किलोवॅटची स्वतंत्र मोटर बसवली. तिच्यात आणि इंजिनात दुवा फक्त विजेच्या तारांचा. पुढची चाकं घसरली की मागची मोटर मदतीला येते, एरवी आराम करते.

याचा फायदा ॲव्हरेजमध्ये दिसतो. किआ सोरेंटो हायब्रिडमध्ये शाफ्टवाली पद्धत आहे. तिथे 2022 च्या मॉडेलमध्ये पुढच्या चाकांच्या ड्राइव्हवरून चारही चाकांच्या ड्राइव्हवर गेलं की अमेरिकी चाचणीत लिटरमागे सव्वा किलोमीटर कमी होतो. टोयोटाच्या 2025 च्या कॅमरीत मागे मोटर आहे. ती एसयूव्ही नाही, पण तिच्या साध्या मॉडेलमध्ये हा फरक अर्ध्या किलोमीटरहूनही कमी.

आपल्याकडे 2022 मध्ये मारुतीची ग्रँड व्हिटारा आली तेव्हा ग्राहकापुढे वेगळाच पेच होता. स्ट्राँग हायब्रिड हवी तर फक्त पुढची चाकं फिरणार. चारही फिरवायची तर स्ट्राँग हायब्रिड विसरा. कंपनीचे ॲव्हरेजचे दावे होते 27.97 आणि 19.38. बहुतेकांनी काय निवडलं असेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

शहरात जास्त, हायवेवर कमी

पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज हायवेवर वाढतं, हे आपल्या अंगात मुरलेलं ज्ञान. आरएक्स 350एच ते उलटं करते. अमेरिकी आकड्यांनुसार शहरात लिटरला जवळपास पावणेसोळा, हायवेवर साडेचौदा. रांगत्या ट्रॅफिकमध्ये इंजिन वारंवार बंद होतं, मोटर गाडी ढकलते आणि प्रत्येक ब्रेकला थोडी वीज परत येते. हिंजवडीच्या चौकात अडकलेल्यांना तेवढंच समाधान.

या गाडीला रिव्हर्स गिअरही नाही. मागे जायचं तर मोटर उलटी फिरते, झालं. मोठ्या आरएक्स 500एचचा थाट मात्र निराळा आहे. तिला टर्बो इंजिन, सहा गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स आणि मागे ताकदवान मोटर.

घाटातला हिशेब

चढावर वजन मागे सरकतं, पुढच्या चाकांची पकड सैल होते. पावसाळ्यात लाल मातीने माखलेल्या चढावर मागच्या मोटरचा खरा उपयोग कळतो. उतारावर बॅटरी भरत जाते, पण ती असते जेमतेम दीड-दोन युनिटची. लांब घाटात ती मध्येच भरून जाते आणि मग गाडी रोखायला इंजिनालाच जुंपावं लागतं.

सव्वाशे वर्षांपूर्वीच!

हे सगळं नवं वाटत असेल तर 1900 सालात जा. पंचविशीतल्या फर्डिनांड पोर्शने व्हिएन्नाच्या लोनर कंपनीत चारही चाकांत मोटरी बसवलेली गाडी एका इंग्रज ग्राहकासाठी बनवली. नुसत्या बॅटरीचं वजन 1,800 किलो! मग त्यानेच बॅटरी लहान करून जोडीला पेट्रोल इंजिनं दिली आणि हायब्रिडही बनवली.

जाता जाता आणखी एक योगायोग. लेक्सस भारतात आली 2017 मध्ये, टोयोटा किर्लोस्करच्या हाताला धरून. त्या किर्लोस्करांच्या धंद्याची सुरुवात लक्ष्मणरावांनी 1888 मध्ये बेळगावात केली, तीही दोन चाकांपासून, सायकलींच्या दुकानातून.

मग घ्यायचं काय?

आमचा कौल सरळ आहे. चाकं यादीतली सर्वांत लहान घ्या. मागची मोटर वेगळे पैसे देऊन घ्यायची असेल आणि गाडी शहराबाहेर फारशी जाणार नसेल, तर ती सोडली तरी चालेल. कोकण-गोव्याच्या वाऱ्या असतील तर घ्याच. आणि सही करण्याआधी सेल्समनला दोन प्रश्न विचारा: या मापाचा एक टायर केवढ्याला, आणि डिकीत स्टेपनी आहे की नुसता पंप?