कंपाउंडच्या भिंतीबाहेर

कोथरूडमध्ये कर्वे रस्त्याच्या आतल्या अंगाला ज्या जुन्या कॉलन्या आहेत, त्यांतल्या गल्ल्या सहा मीटरच्या, फार तर नऊ. आमची सहाची. एका बाजूला गाड्या लागल्या की चार मीटर उरतात आणि तेवढ्यात घंटागाडी, शाळेची व्हॅन, गॅसचा टेम्पो सगळ्यांचं निभावतं. दुसऱ्या बाजूलाही लागल्या की उरतात दोन. तेवढ्यात रुग्णवाहिका शिरत नाही, अग्निशमनच्या बंबाचं तर नावच नको. गल्लीतलं सगळं राजकारण या दोन आणि चारच्या मधलं आहे.

गल्ली आखली तेव्हा मोटारींचा विचार कुणी केला नव्हता, आणि त्या काळी तो न करण्यात काही चूक होती असं मला वाटत नाही. मारुती ८०० आली १९८३च्या डिसेंबरात. त्याच सुमाराच्या आमच्या इमारतीत सोळा बिऱ्हाडं आणि खाली चार गाड्यांची जागा. त्यातली एक कितीतरी वर्षं रिकामीच होती, तिथे पोरं कॅरम खेळायची. बाकी सगळ्या स्कूटरी. मारुती ८००ची लांबी सव्वातीन मीटरच्या जरा पुढे आणि रुंदी दीड मीटरसुद्धा नाही. हल्ली गल्लीत शिरणाऱ्या एसयूव्ही सव्वाचार मीटरच्या वर लांब आणि आरसे सोडून १.८ मीटरच्या आसपास रुंद असतात. गाड्या वाढल्या असं आपण म्हणतो, पण त्या सुटल्याही आहेत. जुन्या इमारतीच्या दोन खांबांमध्ये नवी गाडी जाते, नाही असं नाही. फक्त दार उघडत नाही. आमच्याकडचे एक गृहस्थ बरेच दिवस मागच्या दारातून, सीट ओलांडून उतरत होते. मग गुडघ्यांनी संप केला आणि गाडी रस्त्यावर आली.

रस्त्यावर कुठली गाडी कधी हलते, याची इत्थंभूत माहिती गल्लीत एकाच माणसाला आहे, आणि त्याच्याकडे स्वतःची गाडी नाही. पहाटे साडेपाचला बादली आणि फडकी घेऊन तो गाड्या पुसायला येतो. हिंजवडीची गाडी पावणेसातला निघते, म्हणून ती आधी. बँकेतल्या मॅडमची साडेनऊला, म्हणून ती शेवटी. कोण गावाला गेलंय, कुणाची गाडी गॅरेजला आहे, कुणाच्या पायाला प्लास्टर असल्यामुळे गाडी महिनाभर हलणार नाही, सगळं त्याला ठाऊक, कारण त्यावरच त्याचा हिशेब. "काका, ती पांढरी सोमवारपर्यंत हलत नाही. तुम्ही तिच्या पुढे लावा, मागे अडकाल," असं तो मला सांगतो. सोसायटीच्या कमिटीने पार्किंगबद्दल काही ठरवायचं म्हटलं की नकाशा काढते, टेप घेऊन मापं घेते. याला कुणी विचारत नाही. खरं तर याच्या डोक्यातलं वेळापत्रक कागदावर उतरवलं तर अर्धी भांडणं मिटतील, कारण चोवीस तास जागा गल्लीत जवळजवळ कुणालाच लागत नाही. एकाला ती रात्री हवी असते, दवाखान्याच्या पेशंटना सकाळी दहा ते एक, क्लासच्या पोरांना संध्याकाळी.

रात्री साडेआठ ते दहा ही खरी कामाची वेळ. यायला उशीर झालेला माणूस आधी गल्लीतून एक चक्कर मारतो, काच खाली करून. जागा अशी नसतेच. असते ती दोन गाड्यांमधली फट, आणि त्या फटीत उभी एखादी ॲक्टिव्हा. तिचं हँडल लॉक असतं. मग पुढच्याला धक्का न देता मागची ग्रॅब रेल दोन्ही हातांनी धरायची, मागचं चाक थोडं उचलायचं आणि पुढच्या चाकाभोवती अर्धवर्तुळात गाडी फिरवायची. दोनदा असं केलं की हातभर जागा सुटते. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला निखारे बाजूला सारून येतो आणि बॉनेटवर थाप मारत दिशा देतो: येऊ द्या, येऊ द्या, काट मारा, अजून, बस्स! बंपरच्या आणि भिंतीच्या मधे त्याचा तळहात असतो. आता गाड्यांना कॅमेरे आलेत, सेन्सर चिवचिवतात, तरी चालवणारा बघतो त्या तळहाताकडे.

दुसरी जुनी रीत म्हणजे गाडी आडवी लावायची झाली तर ती न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक न ओढता सोडायची. चढ असेल तर चाकाखाली वीट. सकाळी आतल्याला निघायचं असलं की दोघांनी ढकलायची, आपली काढायची, परत ढकलून ठेवायची. मालकाला उठवायचं कारण नाही. या एका सवयीवर पुण्या-मुंबईतल्या किती इमारती वर्षानुवर्षं चालल्या आहेत! नव्या ऑटोमॅटिक गाड्यांनी तिच्यावर पाणी फिरवलं. गिअर 'पी'वर टाकल्याशिवाय बहुतेकांची चावी निघत नाही, आणि बटणाचा ब्रेक असेल तर तो कितीदा तरी आपणहून लागतो. मग सकाळी पावणेसातला चौथ्या मजल्यापर्यंत बेल वाजवत जाणं आलं. दार उघडणारा माणूस बनियनवर, डोळे चोळत. अशा वेळी झालेलं संभाषण दोन्ही बाजू विसरत नाहीत.

बंगल्यांचं प्रकरण वेगळं. आपल्या भिंतीपुढचा रस्ता आपला, ही समजूत बंगलेवाल्यांमध्ये घट्ट आहे. कायद्याने रस्ता महापालिकेचा. भिंतीपुढे कुणीही गाडी लावू शकतो, जोवर तिथे मनाई नाही. फाटकापुढे मात्र लावता येत नाही, वाहन चालवण्याच्या २०१७च्या नियमांतही ते आहे. इथवर सगळं सरळ. अडचण फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे होते. सहा मीटरच्या गल्लीत बंगल्यातून गाडी बाहेर काढायची तर नाक पलीकडच्या कडेपर्यंत न्यावं लागतं. तिथे कुणी लावली असेल तर त्याने कुणाचंही फाटक अडवलेलं नसतं, आणि तरीही बंगल्यातली गाडी अडकलेली असते. दोघंही बरोबर असतात, म्हणून आवाज चढतात.

आमच्या गल्लीतल्या एका बंगल्यात आजोबा-आजी राहतात. त्यांच्या फाटकावर 'नो पार्किंग'चे तीन पत्रे आहेत: एक चावीवाल्याच्या जाहिरातीचा, एक क्लासचा, आणि एक स्वतः रंगवलेला, ज्यात चाकातली हवा सोडण्याचा उल्लेख आहे. शेजारच्या नव्या इमारतीत राहायला आलेला तरुण पत्रे वाचून थेट बेल वाजवून आत गेला.

"आजोबा, रात्रीपुरती गाडी तुमच्या भिंतीला लावली तर चालेल का? सकाळी आठला काढतो."

"कितव्या मजल्यावर तुम्ही?"

"सहाव्या. सहाशे दोन."

"आठ नाही चालणार. साडेसातला हिचा फिजिओथेरपिस्ट येतो, त्याला स्कूटर लावायला लागते. सव्वासातला काढत असाल तर लावा. आणि नंबर लिहून ठेवा इथे, या कॅलेंडरवर."

तो आता सव्वासातला काढतो आणि ऑफिसला लवकर पोचतो. तिसऱ्या पत्र्यावरची धमकी तशीच आहे, पण ती न विचारणाऱ्यांसाठी. विचारलं की इथे निम्मं काम होतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की न विचारणाऱ्यांचं मला नवल वाटतं. विचारायचं मात्र गाडी अडकलेली नसताना.

न विचारता जागा धरण्याचा मार्ग म्हणजे वस्तू. आधी एखादी कुंडी येते. मग मोडकी प्लास्टिकची खुर्ची. त्यावर कुणी काही बोललं नाही की रंगाच्या डब्यात सिमेंट ओतून त्यात पाइप उभा केलेला खांब, दोन खांबांमध्ये साखळी. ही साखळी दिसली की समजायचं, आता चिठ्ठ्या सुरू होणार. वायपरखाली अडकवलेल्या चिठ्ठ्यांचंही एक चढतं प्रमाण आहे. पहिली सही असलेली, मोबाइल नंबरसह. दुसरी बिनसहीची. तिसरी छापील, सगळ्या गाड्यांना एकदम. चौथी नसते; त्या ठिकाणी दारावर किल्लीने ओढलेली रेघ असते. व्हॉट्सॲप ग्रुपवर हेच जरा सभ्य भाषेत चालतं: गाडीच्या मागच्या बाजूचा फोटो, खाली 'कोणाची?' आणि सकाळी सातपासून नऊपर्यंत त्यावर शांतता, कारण गाडी ज्याची असते तो ग्रुपमध्ये नसतो.

पोलिसांना बोलवण्याची भाषा सगळेच करतात. मुख्य रस्त्यावर पी-१, पी-२च्या पाट्या आहेत, विषम तारखेला एक बाजू, सम तारखेला दुसरी. तिथे टोइंगचा टेम्पो फिरतो आणि नो पार्किंगचा दंड पहिल्या वेळेस ५०० रुपये, नंतर १५०० आहे. आतल्या गल्लीत यांतलं क्वचित काही पोचतं. शिवाय कायदा हे दुधारी प्रकरण आहे. मोटार वाहन कायद्याच्या १२७व्या कलमानुसार सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त वेळ बेवारशी सोडलेली वा कुणी जवळ नसलेली गाडी गणवेशातला पोलीस उचलायला लावू शकतो. अक्षरशः वाचलं तर रात्री आठला लावून सकाळी सातला काढलेली आमची प्रत्येक गाडी त्यात बसते. हे कलम एकाने ग्रुपवर टाकलं आणि दोन तासांनी स्वतःच डिलीट केलं. महापालिकेच्या सभेने २०१८ साली पार्किंग धोरण मंजूर केलं होतं, त्यात रस्त्यावर लावायला पैसे मोजायचे होते. शहरभर ओरड झाली. आमच्या गल्लीपर्यंत ते धोरण काही आलं नाही.

खरं सांगायचं तर जागा कमी आहे, पण दिसते तितकी नाही, हे मी २०२५ साली पाहिलं. नवी गाडी नोंदवताना पार्किंगच्या जागेचा दाखला मागण्याचा विचार परिवहनमंत्र्यांनी बोलून दाखवला (जपानमध्ये असा कायदा १९६२ पासून आहे), आणि दाखला द्यायचा तर कशाच्या जोरावर, म्हणून सगळ्या सोसायट्यांनी आपापल्या कंपाउंडच्या आत डोकावलं. आमच्या चार जागांपैकी एकीत गोदरेजचं कपाट, दोन गाद्या आणि १९९०च्या दशकातली एक बंद स्कूटर होती. मालक कागद दाखवत होते: बिल्डरला पार्किंगचे वेगळे पैसे दिल्याची पावती. असे कागद घरोघरी आहेत. पण बिल्डरला स्टिल्ट किंवा उघडं पार्किंग फ्लॅटसारखं सुटं विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सांगितलंय. आदर्श उपविधींतही जागेपेक्षा गाड्या जास्त असतील तर वर्षापुरत्या चिठ्ठ्या टाकायच्या आहेत. आम्ही टाकल्या. स्टीलचा डबा, तळमजल्यावरची सहा वर्षांची मुलगी चिठ्ठी काढायला, आणि कपाटवाल्या काकांचं नाव पहिल्या चारांत आलं. त्यांनी गाडीऐवजी कपाटच ठेवू का, असं विचारलं. सभा पुढे अर्धा तास त्यावर चालली.

नव्या इमारतीत याहून मजेचं सापडलं. पुनर्विकासात आठ फ्लॅटचे चोवीस झाले आणि जागा पुरावी म्हणून खाली मशीनचं पार्किंग आलं, वर एक गाडी, खाली एक. कागदावर हिशेब चोख. प्रत्यक्षात वरची काढायची तर खालच्याने आधी बाहेर यायचं, म्हणजे दोन बिऱ्हाडांनी एकमेकांच्या वेळा सांभाळायच्या. वरच्या ताटावर उंच एसयूव्ही बसत नाही. वीज गेली की वरचा वरच. तेव्हा वरची ताटं रिकामी आणि त्यांचे मालक रस्त्यावर, आमच्या दोन आणि चारच्या मधे. बिल्डिंगच्या सेक्रेटरींना हे बोललो तर म्हणाले, "मशीन वापरायला लागले की देखभालीचा खर्च वाढतो हो." रिकामं ठेवलेलं मशीन स्वस्त पडतं, आणि त्याची किंमत गल्ली देते.

तिथून पुढे बोलणी मात्र सोपी झाली. मशीनच्या जोड्या त्यांनी नव्याने लावल्या: सकाळी लवकर निघणारा खाली, घरून काम करणारा वर. हे वेळापत्रक अर्थातच गाड्या पुसणाऱ्याने सांगितलं, या वेळी त्याला खुर्ची देऊन. चार-पाच गाड्या आत गेल्या. कोपऱ्यावर टायर बसलेली, काचेवर पानं साचलेली एक जुनी गाडी होती, मालक परदेशी. त्यांच्या भावाला दोनदा पत्र, एकदा फोन, मग भंगारवाला. जागा मोकळी झाली ती दुचाक्यांसाठी ठेवायचं सर्वानुमते ठरलं, म्हणजे दवाखान्याच्या पेशंटनाही सोय. शनिवारी दुपारी पांढरे पट्टे मारले. रात्री त्यांवर एक काळी एसयूव्ही उभी होती, अर्धा रंग टायरला. कुणाची ते पुसणाऱ्याला माहीत आहे: पलीकडच्या गल्लीतली. आजोबा म्हणाले, चिठ्ठी नको, मी जातो. रविवारी, साडेदहाच्या चहाला.