श्वास तपासा, पण मोबाईल कशाला?

कसबा पेठेतल्या आमच्या ओळखीच्या एका तरुणाची ही हकीकत. रात्रपाळी संपवून तो मोटारसायकलवरून घरी येत होता. शहरातल्या एका नाकेबंदीत त्याला अडवले. त्याने यंत्रात फुंकर मारली, आकडा शून्य आला. लायसन दाखवले. विषय इथेच संपायला हवा होता. पण पुढे आडनाव, मग "कुठली वस्ती?" आणि शेवटी "मोबाईल उघड." त्याने उघडून दिला. बहिणीच्या लग्नाचे फोटोसुद्धा बघून झाले. पोरगा दोन दिवस घरात कुणाशी धड बोलला नाही.

तपासणीला आमचा विरोध नाही. दारूने किती संसार धुळीला मिळाले, हे आपल्या वस्त्यांना कुणी शिकवायला नको. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरात आलिशान मोटारीच्या धडकेत एक तरुण आणि एक तरुणी, दोघेही अभियंते, जिवानिशी गेले. पुढे चालकाच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. तपासणी हवीच, आणि ती मोटारवाल्याचीही तितकीच कडक हवी.

प्रश्न आहे तो मर्यादेचा. मोटार वाहन कायद्याच्या 185 व्या कलमानुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. संशयाला वाजवी कारण असेल तर गणवेशातील पोलिस 203 व्या कलमाखाली श्वासाचा नमुना मागू शकतो. संशय असताना नमुना नाकारला तर अटकही होऊ शकते, म्हणून तिथे हुज्जत घालू नये. दारूच्या गुन्ह्यात अटक झालीच, तर दोन तासांत डॉक्टरी तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावे लागते. लायसन मागितले की दाखवणे भागच आहे. पण या कलमांत मोबाईलमधला खाजगी मजकूर चाळण्याचा अधिकार कुठेही दिलेला नाही. तरीही ऑक्टोबर 2021 मध्ये हैदराबादेत गांजाच्या शोधात वाटसरूंचे मोबाईल उघडून निरोप वाचले गेले, त्याची देशभर चर्चा झाली.

ही गोष्ट घटना समितीतही निघाली होती. मध्यप्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी गैरवाजवी झडतीपासून संरक्षण देणारी दुरुस्ती मांडली. 3 डिसेंबर 1948 रोजी बाबासाहेबांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखवली. हे संरक्षण फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात होतेच. पण उद्याचे विधिमंडळ ते काढून टाकू शकेल, म्हणून ते घटनेतच असावे, असे त्यांचे म्हणणे. मतदानात दुरुस्ती पडली. पुढे 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. मध्ये जवळजवळ 69 वर्षे गेली!

परवा त्या मुलाची आई आमच्याकडे आली. "दादा, पोरानं पोलिसाला नाही म्हणायचं तरी कसं?" प्रश्न खरा होता. कायदा पुस्तकात असतो आणि रात्री बारा वाजता रस्त्यावर पोरगा एकटाच असतो. आम्ही आधी त्याला लायसनचे कार्डच जवळ ठेवायला सांगितले. मोबाईलमधले लायसनही चालते, पण ते दाखवायला मोबाईल खिशातून काढावा लागतो. मग एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहून दिल्या : "साहेब, श्वास तपासा, कागद बघा. मोबाईल हवा असेल तर कोणत्या गुन्ह्यासाठी, तेवढे लिहून द्या." ती चिठ्ठी त्याने लायसनच्या पाकिटात ठेवली आहे.