बांधावरचा पिवळा राखणदार : सुभग पक्षी



आखाड-श्रावणात बांधावरच्या कडुलिंबातून एक लांबलचक, गोड शीळ ऐकू येते. वर पाहावं तर पानांशिवाय काही दिसत नाही. थोडं थांबा, नीट बघा. पानांच्या आड एक पिवळं पाखरू फांद्या तपासत फिरत असतं. याचं नाव सुभग. आपल्याकडं पुष्कळ जण त्याला नुसतं 'पिवळी चिमणी' म्हणून सोडून देतात. आज त्याची ओळख करून घेऊ.

ओळख कशी पटवावी?

सुभग चिमणीपेक्षा किंचित लहान. विणीच्या दिवसांत नराचं पोट व छाती हळदीसारखी पिवळीधमक असते आणि पंख व शेपटी काळी. पंखावर दोन पांढरे पट्टे असतात. मादी हिरवट-पिवळी; तिच्याही पंखावर पांढरे पट्टे असतात. हिरव्या पानांत ती चटकन दिसत नाही.

काही जण याला सुगरण समजून हाकलतात. सुगरणीचा नरही पावसाळ्यात पिवळा होतो. म्हणून आधी चोच बघा. सुगरणीची चोच जाड, दाणे फोडायची; ती थव्यानं ज्वारी-बाजरीवर उतरते. सुभगाची चोच बारीक, टोकदार, किडे वेचायची. तो बहुधा जोडीनं फिरतो. कणसाशी त्याचं काही काम नाही.

राहतो कुठे, खातो काय?

विरळ जंगल, बाभुळबन, आमराई, कडुलिंब ही याची घरं. पाटोदा तालुक्यातलं नायगावचं अभयारण्य मोरांसाठी प्रसिद्ध आहे. पण आपल्या जिल्ह्यात एकंदरीत जंगल थोडं. बालाघाटच्या डोंगरउतारांखेरीज इथं झाडी उरली आहे ती मुख्यतः बांधावर, ओढ्याकाठी आणि फळबागांत. म्हणजे या पाखराचं जंगल तुमच्याच शेतात आहे.

अळ्या, पतंग, कोळी आणि किड्यांची अंडी हे याचं खाद्य. पानाची खालची बाजू बघायला तो फांदीला उलटासुद्धा लटकतो. जमिनीवर क्वचितच उतरतो.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सुभग तुमच्या कपाशीवरची बोंडअळी संपवणार नाही. त्याचं काम झाडावर. उभ्या तुरीत पक्षीथांबे लावले तर त्यांवर कोतवाल, साळुंकी येतील; सुभग सहसा येणार नाही. पण आंबा, लिंबू आणि बांधावरची झाडं यांच्यावर तो दिवसभर बिनपगारी राखण करतो.

वीण आणि आपली चूक

मे ते सप्टेंबर हा याचा विणीचा हंगाम. नर अंग फुलवून हवेत उडी घेतो आणि पिसांच्या गोळ्यासारखा शीळ घालत खाली येतो. फांदीच्या बेचक्यात गवताचं लहान वाटीएवढं घरटं असतं, बाहेरून कोळ्याच्या जाळ्यानं लिंपलेलं. त्यात बहुधा दोन ते तीन अंडी. नर-मादी दोघंही अंडी उबवतात आणि पिलांना भरवतात.

नेमक्या याच दिवसांत आपण शेळ्यांसाठी फांद्या छाटतो आणि कपाशीवर फवारणी करतो. मागे एका वस्तीवर गेलो होतो. शेतकरी बाभळीवर कोयता चालवणार, तोच म्हातारी आई म्हणाली, "थांब रं, तिथं खोपा हाय." ती फांदी राहिली. शेळ्यांनी दुसरा पाला खाल्ला. नुकसान काहीच झालं नाही.

आपण काय करावं?

१. जून ते सप्टेंबर फांदी तोडण्यापूर्वी बेचके बघा. मोठी छाटणी शक्यतो दसऱ्यानंतर करा.

२. बांध साफ करताना सगळी झाडं काढू नका. कडुलिंब, बाभूळ, बोर यांतलं काही तरी राखा. कडुलिंबाची निंबोळी पाच टक्के अर्काला कामी येते. त्याच झाडावर सुभगही राहतो.

३. कपाशीवर तारखा धरून फवारू नका. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावा. एका सापळ्यात रोज आठ पतंग, असे सलग तीन दिवस सापडले की मगच औषधाचा विचार करा.

४. फवारा बांधावरच्या झाडांवर उडू देऊ नका. विषारी अळी पिलाच्या चोचीत गेली तर पीलही जातं.

५. मुलांच्या हातातली गलोल काढून घ्या; घरटं लांबून दाखवा.

मंडळी, हा राखणदार मजुरी मागत नाही, दाणाही मागत नाही. एक झाड आणि पावसाळ्याचे चार महिने, एवढंच मागतो. उद्या बांधावर गेलात की शीळ ऐका आणि कोयता उचलण्याआधी एकदा वर बघा.