लिहिणारा आणि लिहिणारी

गोंदियाहून पूर्वेस हावड्याच्या लोहमार्गावर राजनांदगाव लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कवी नारायण वामन टिळक या संस्थानात नोकरीस होते. त्या दिवसांच्या आठवणी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी पुढे ‘स्मृतिचित्रे’त सांगितल्या. 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात त्या पतीचा उल्लेख सरळ ‘टिळक’ असा करतात. याआधी, 1910 साली, रमाबाई रानडे यांच्या आठवणी प्रकाशित झाल्या होत्या. त्यांत न्यायमूर्तींसाठी ‘स्वतः’ हा शब्द येतो. पतीचे नाव घेऊ नये, घ्यायचेच तर उखाण्यात घ्यावे, या रूढीत वाढलेल्या लेखिकेला वाक्याचा कर्तादेखील आडवाटेने आणावा लागे. पत्नीचे नाव लिहिताना पुरुषाची लेखणी अशी कधी अडखळली नसावी.

स्त्रिया व पुरुष वेगळे लिहितात काय, हा प्रश्न विचारताना बहुधा स्वभावाचा विचार होतो: स्त्रीची भाषा मृदू, पुरुषाची तर्ककठोर. ही समजूत मोडण्यास बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे पुरेशा आहेत. 1882 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ या पुस्तकातील भाषा बोलीच्या ठसक्याची, उपरोधाची आणि चांगलीच तिखट आहे. त्यांच्यावर टीका झाली तेव्हा जोतीराव फुले यांनी त्यांची पाठराखण केली. मृदुत्व हा स्त्रीचा जन्मजात गुण असता, तर हे पुस्तक लिहिले गेलेच नसते.

इंग्रजी लेखनाचा अभ्यास करून कोप्पेल, अर्गामन व शिमोनी या संशोधकांनी 2002 साली दाखवले की केवळ शब्दांच्या वापरावरून संगणक लेखक स्त्री की पुरुष हे सुमारे 80 टक्के वेळा ओळखू शकतो. स्त्रियांच्या लेखनात सर्वनामे अधिक आढळली. अर्थात उरलेल्या 20 टक्क्यांत बरेच चांगले लेखक असतील!

मराठीत मात्र एवढा खटाटोप नको. ‘मी लिहितो’, ‘मी लिहिते’ यांत क्रियापदच साक्ष देते. ‘मी लिहीन’ म्हटले की साक्षीदार गप्प होतो. हिंदीत ‘लिखूँगा’, ‘लिखूँगी’ हा भेद भविष्यकाळातही सुटत नाही. गोंदियातील जैन घरांत गुजराती, मारवाडी, हिंदी आणि मराठी एकाच माजघरात नांदतात. तेथील सूनबाई गुजरातीत ‘हुं जाउं छुं’ म्हणते तेव्हा तिचे स्त्रीत्व शब्दात दिसत नाही. तेच मराठीत ‘मी जाते’ म्हणताच दिसते. ‘मी पत्र लिहिले’ या वाक्याची तर गंमतच आहे. तेथे क्रियापद पत्राचे लिंग घेते आणि लिहिणारी व्यक्ती पूर्णपणे अदृश्य होते.

संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोलतो व राणी प्राकृत. ज्या प्राकृतात आगम रचले गेले, तिलाच रंगभूमीवर कमी दर्जा मिळाला. ‘गाथासप्तशती’त मात्र याच भाषेने कमाल केली: तेथील कित्येक गाथा स्त्रीच्या तोंडी आहेत, आणि संकलनकर्ता म्हणून नाव आहे सातवाहन राजा हालाचे. स्त्रीचा स्वर म्हणजे स्त्रीची लेखणी असे धरून चालणारा वाचक येथे फसतो.

आपल्या घरांतील लेखन पाहिले तर प्रश्न अधिक टोचतो. मुलीच्या निबंधाला ‘भावनाप्रधान’ आणि मुलाच्या तशाच निबंधाला ‘प्रभावी’ असा शेरा मिळतो, तेव्हा फरक निबंधात असतो की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत? संवत्सरीनंतर नातेवाइकांना जाणारे क्षमापना-पत्र अनेक ठिकाणी घरातील स्त्रीच लिहिते. कोणाच्या घरी यंदा अठ्ठाई झाली, कोणाशी बोलणे राहून गेले, हे तिलाच ठाऊक असते. ‘मिच्छामि दुक्कडं’ या शब्दांत स्त्री-पुरुष भेद नाही. खाली मात्र कुटुंबप्रमुखाचे नाव येते, त्यानंतर ‘व समस्त परिवार’, आणि पत्र लिहिणारी त्या ‘समस्त’मध्ये असते.